लेकीचा कॅमेरा घेताना

गेल्या वर्षी आमच्या भाचीचा निकाह झाला, इथेच कोंढव्यातल्या एका हॉलमध्ये. मध्ये पडदा, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका, आपल्याकडे असते तशीच व्यवस्था. फोटोग्राफर पुरुष होता. ओळखीचा, सभ्य माणूस. तो पडद्याशी येऊन हाक द्यायचा, “बाजी, दुल्हनचा फोटो घ्यायचाय.” की आत एकच धांदल. ओढण्या सावरा, नकाब घ्या, पोरींनो मागे व्हा! तो दोन मिनिटांत तीन-चार फोटो काढून, खाली मान घालून निघून जायचा. महिन्याभराने अल्बम आला. पुरुषांकडचे फोटो दोनशेच्या वर. बायकांकडचे अकरा. त्या अकरांत नवरीची आई कुठेच नव्हती.

आमच्या आपाने तो अल्बम दोनदा उलटसुलट चाळला आणि मिटून ठेवला. बोलली काहीच नाही. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये आई नाही, यावर ती बोलणार तरी काय?

त्या रात्री आमची लेक म्हणाली, “हे काम मी करू शकते. मला कॅमेरा हवा.” ती तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. कुणाच्या घरी मेंदी-हळद असली की मोबाईलवर फोटो काढायला तिलाच बोलावणे यायचे. आम्ही दोघांनी आधी टाळले. मोबाईल आहे ना, परीक्षा होऊ दे, कॅमेरे महाग असतात, लोक काय म्हणतील, असे आईबापांकडे जे जे असते ते सगळे सांगून झाले. घरात दादी आहेत. त्यांना तसवीर हा प्रकारच पसंत नाही. त्यांचा स्वतःचा एकच फोटो आहे, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. तसवीरीबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत हे आम्हाला माहीत आहे. त्यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही आणि हा लेख त्यासाठी नाही. ज्या घरांत फोटो काढले जातात, तिथे ते काढायला बाई असावी, एवढाच आमच्यापुढचा प्रश्न होता. शेवटी आम्ही हो म्हटले. मग सहा महिने कॅमेरा या विषयावर जेवढे शिकलो आणि जेवढे चुकलो, ते इथे लिहीत आहोत. आपल्या घरातली एखादी मुलगी हे काम करू म्हणत असेल तर उपयोग होईल.

पहिली चूक पहिल्याच दिवशी केली. कॅम्पातल्या एका दुकानात गेलो आणि विचारले, “चांगला कॅमेरा कोणता?” दुकानदाराने उलट विचारले, “बजेट किती?” आम्ही आकडा सांगितला. त्याने त्या आकड्याला बसेल असा डबा समोर ठेवला. त्यात त्याचे काही चुकले नाही. जो प्रश्न आम्ही स्वतःला विचारायला हवा होता तो विचारलाच नव्हता: काम कोणते?

घरी येऊन लेकीने वहीत कामाचे वर्णन लिहिले. जागा बंद: हॉलचा जनाना भाग किंवा घरातली दहा बाय बाराची खोली. वेळ बहुधा मगरिबनंतरची. उजेड ट्यूबचा आणि रंगीत एलईडीचा. माणसे हलती: हसणारी, गाणारी, मुलांना उचलून फिरणारी. मदतीला माणूस नाही, कारण दिवे धरून उभा राहणारा पोऱ्या आत नेता येणार नाही. सामान तिला एकटीला उचलता आले पाहिजे. आणि काढलेले फोटो भलत्या हाती जाता कामा नयेत. शेवटची ओळ तेव्हा आम्ही सहज वाचून सोडून दिली. तीच सगळ्यात महत्त्वाची ठरली.

असे वर्णन लिहिले की निम्मे सामान आपोआप गळून पडते. लांबचा पक्षी टिपणारी मोठी लेन्स नको. ड्रोन नको. आणि खरे सांगायचे तर ज्यांना फक्त घरचे, मुलाबाळांचे, ईदचे फोटो काढायचे आहेत त्यांना कॅमेराही नको. आजचा बरा मोबाईल दिवसाउजेडी उत्तम फोटो काढतो. त्याची काच ओढणीने नव्हे तर स्वच्छ मऊ कापडाने पुसा, माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा, झूम करण्याऐवजी दोन पावले पुढे जा. या तीन गोष्टींनी जो फरक पडतो तो नवा मोबाईल घेऊनही पडत नाही. मोबाईल कमी पडतो तो रात्री, बंद खोलीत, हलत्या माणसांसमोर. आणि आमच्या लेकीचे काम नेमके तिथलेच होते.

दुकानात समोर ठेवलेल्या डब्यात कॅमेऱ्यासोबत एक लेन्स होती. तिला किट लेन्स म्हणतात. तिने जवळचे आणि थोडे लांबचेही दिसते, म्हणून ती सोयीची वाटते. पण लेन्सच्या तोंडावर ‘एफ’ असे लिहून जे आकडे असतात ते पाहायला शिका. तो प्रकाश आत येण्याच्या भोकाचा हिशेब. आकडा जितका लहान, तितके भोक मोठे. किट लेन्स पुढे ओढली की तिचा आकडा साधारण ५.६ होतो. १.८ आकड्याची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. दहापट! दिवाणखान्यात एक दिवा आणि दहा दिवे यांत जो फरक, तोच. ही १.८ ची लेन्स झूम होत नाही, पुढे-मागे आपल्यालाच व्हावे लागते. पण ती छोटी आणि हलकी असते, आणि मोठ्या लेन्सच्या मानाने स्वस्तही असते.

या भोकावरून आठवले. आपल्याकडे हौसेने सांगितले जाते की ‘कॅमेरा’ हा शब्द अरबीतून आला. तसे नाही. तो लॅटिनमधला आहे आणि त्याचा अर्थ खोली. आपण घरात ‘कमरा’ म्हणतो तो पोर्तुगिजांकडून आला आणि त्याचेही मूळ तेच. म्हणजे कमरा आणि कॅमेरा ही भावंडे आहेत. पण इब्न अल-हैसम यांचे मोठेपण शब्दावर अवलंबून नाही. दहाव्या शतकात बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे काहिरात काम केलेल्या या विद्वानाने ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाशावरचा मोठा ग्रंथ लिहिला. डोळ्यांतून किरण निघत नाहीत, प्रकाश वस्तूवरून डोळ्यांत येतो, हे त्यांनी प्रयोग करून मांडले. ग्रहणातल्या सूर्याचा उजेड भोकातून पडद्यावर पाडून त्यांनी दाखवले की भोक लहान असेल तर कोरीचा आकार दिसतो, मोठे केले की तो पुसट होऊन गोल होतो. हजार वर्षांपूर्वी एका मुसलमान विद्वानाने भोकाच्या आकारावर एवढा विचार केला, आणि आम्ही दुकानात त्याकडे न पाहता डब्याचा रंग पाहत होतो.

१.८ ची लेन्स घ्यायची हे ठरले. पण कोणती? सगळे ‘पन्नासची घ्या’ म्हणतात. पन्नास म्हणजे ५० मिलिमीटर. आम्ही घाई न करता एका दिवसासाठी भाड्याने आणली. पुण्यात कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि अनामत रक्कम ठेवावी लागते. लेकीने ती घेऊन आमच्या दिवाणखान्यात दादी, फुफी आणि तीन मुलांना सोफ्यावर बसवले. मागे सरकत सरकत तिची पाठ भिंतीला टेकली तरी पाचही जण फोटोत मावेनात! साध्या कॅमेऱ्यांत सेन्सर लहान असतो, त्यामुळे ५० ची लेन्स ७५ सारखी वागते. आपली घरे लहान. म्हणून ३५ ची घेतली. एका दिवसाच्या भाड्याने हजारोंची चूक वाचली. विकत घेण्याआधी भाड्याने आणा, हा आमचा पहिला सल्ला.

मग पैशाचा प्रश्न. दुकानात शून्य व्याजाचा हप्ता सुचवला गेला. आम्हाला मोह झाला, खोटे कशाला बोला. पण कागद वाचला तर व्याज होतेच. ते आधी सवलत म्हणून किमतीत वळते केलेले आणि बँकेकडून हप्त्यात लावलेले. वर त्या व्याजावर जीएसटी. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते. आम्हाला रिबाच्या पैशातून लेकीचे पहिले काम सुरू करायचे नव्हते. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आहे. लेकीच्या आईने चार महिने थांबून आपला नंबर घेतला. काही लेकीने शिकवण्यांतून जमवलेले होते. असे पन्नास हजार उभे राहिले. चार महिने उशीर झाला, पण त्या चार महिन्यांत आम्ही शहाणे झालो, हा फायदाच.

पन्नास हजारांत नवा साधा कॅमेरा येत होता. पण तोवर आम्हाला एक गोष्ट कळली होती. साध्या कॅमेऱ्यात मेमरी कार्डासाठी एकच खाच असते. कार्ड बिघडले की लग्न गेले. निकाह पुन्हा लावून फोटो काढता येत नाहीत. वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यात दोन खाचा असतात. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहिला जातो. असा नवा कॅमेरा आमच्या आवाक्याबाहेर होता. मात्र कंपन्या आता आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत, त्यामुळे जुन्या पद्धतीचे डीएसएलआर वापरलेले असले तर बरेच स्वस्तात मिळतात. आम्ही निकॉनचा डी ७२०० शोधायचे ठरवले. २०१५ साली आलेला, २४ मेगापिक्सेलचा, दोन खाचांचा. लग्नाच्या अल्बमला तो पुरून उरतो. कॅननमध्येही याच तोडीचे आहेत. कंपनीवरून भांडू नका; ज्या कंपनीच्या लेन्स ओळखीपाळखीत उसन्या मिळतील ती घ्या.

वापरलेला कॅमेरा घेताना आम्ही काय पाहिले ते सांगतो. एक, तो किती वेळा ‘खटक’ झाला आहे. यातला शटर दीड लाख क्लिक टिकेल अशी चाचणी कंपनीने केलेली असते. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच हा आकडा दडलेला असतो. फोटो संगणकावर घेऊन पाहता येतो. आम्ही पाहिलेला अडतीस हजारांवर होता. दोन, लेन्समधून मोबाईलची बॅटरी मारून आरपार पाहा. धुळीचे दोन-चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सोडून द्या. तीन, भोक लहान करून, म्हणजे एफ १६ ला, पांढऱ्या भिंतीचा धूसर फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सर मळलेला आहे. चार, दोन्ही खाचांत आपली कार्डे घालून पाहा, आपला फ्लॅश लावून पाहा, प्रत्येक बटण दाबा. पाच, मूळ बिल मागा आणि त्यावरचा नंबर कॅमेऱ्याच्या तळाच्या नंबराशी जुळवा. बिल नाही म्हणणाऱ्याकडून कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. चोरीचा माल हलाल होत नाही.

आता ज्या प्रसंगाने आमच्या घरातले सगळे बदलले तो सांगतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ आपला कॅमेरा विकत होते. आम्ही तिघे गेलो. चहा झाला. कॅमेरा चांगला होता. पडदा नीट आहे का ते पाहावे म्हणून लेकीने फोटो दाखवायचे बटण दाबले. आत कार्ड होते, आणि त्यावर कुणाच्या तरी घरची हळद. केस मोकळे सोडलेल्या, हळदीने माखलेल्या, खदखदून हसणाऱ्या बायका. एक, दुसरी, तिसरी. लेकीने पडदा बंद केला, कार्ड काढून टेबलावर ठेवले. म्हणाली, “काका, हे तुमच्याकडे ठेवा.” ते म्हणाले, “असू द्या हो, कार्ड फ्रीच देतोय.”

माणूस वाईट नव्हता. निष्काळजी होता. त्यांच्या दृष्टीने ते काम संपले होते, पैसे मिळाले होते. आम्ही त्यांना विनंती केली की त्या घरच्यांना त्यांचे फोटो पोचले आहेत ना, याची खात्री करून मग ते कार्ड नीट पुसून टाका. त्यांनी मान्य केले. कॅमेरा आम्ही घेतला. परतताना लेक कॅमेऱ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. कोंढव्याच्या चढावर आल्यावर एवढेच म्हणाली, “त्या बायकांना माहीतसुद्धा नाही.”

आम्हाला २०२१ आणि २०२२ आठवले. ‘सुल्ली डील्स’ आणि मग ‘बुल्ली बाई’ या नावांनी मुसलमान मुलींचे, बायकांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला होता. तेव्हापासून आमच्या नात्यातल्या कितीतरी मुलींनी कुठेही फोटो देणे बंद केले आहे. हॉलमध्ये बायका कॅमेरा पाहून तोंड वळवतात ते फक्त परक्या पुरुषामुळे नाही. तो फोटो पुढे कुठे जाईल, हा खरा घोर आहे. म्हणजे बाई फोटोग्राफर असणे हे निम्मेच उत्तर. उरलेले निम्मे कार्डात, ड्राइव्हमध्ये आणि कुलपात आहे. दुसऱ्याच्या घरातल्या बायकांचा फोटो ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, आणि अमानत ज्याची त्याला पोचती करावी ही आपल्या दीनची शिकवण.

हा प्रश्न जुनाच आहे. निजामाचे दरबारी फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ उघडला होता आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला होता, पडद्यातल्या बायकांना निर्धास्तपणे येता यावे म्हणून. मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात होता. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपल्या दख्खनमध्ये ही गरज आहे. तेव्हा काचेची प्लेट एका जागी कुलपात ठेवली की काम भागत असे. आज एक फोटो एका क्षणात हजार ठिकाणी जातो, म्हणून आजची काळजीही मोठी.

लेकीने वहीत नियम लिहिले. ते आता ती काम घेण्याआधी नवरीच्या आईला वाचून दाखवते आणि दोघी सही करतात.

कॅमेऱ्याचे वायफाय कायम बंद. लग्नाचा एकही फोटो मोबाईलवर घ्यायचा नाही, कारण मोबाईल आपल्याला न विचारता फोटो इंटरनेटवर चढवून ठेवतो. हॉलमधून निघताना कार्डे मोजायची, निकाहच्या गर्दीत दागिने मोजतात तशी. घरी आल्यावर एक प्रत लॅपटॉपवर आणि एक वेगळ्या ड्राइव्हवर, दोन्हींना पासवर्ड, आणि ड्राइव्ह कपाटाच्या कुलपात. व्हॉट्सअ‍ॅपवर काही पाठवायचे नाही. पेन ड्राइव्ह नवरीच्या किंवा तिच्या आईच्या हातातच द्यायचा. त्यांनी पाहून ‘सगळे आले’ म्हटल्यावर महिन्याभराने आपल्याकडची प्रत पुसायची. नुसते डिलीट करून फोटो जात नाहीत, हे लक्षात ठेवा. पाटीवरचे नाव खोडले तरी घर तिथेच असावे, तसे ते कार्डावर असतात आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात. त्यावर दुसरे काही लिहिले गेले की मगच ते नष्ट होतात. म्हणून ती कार्ड फॉरमॅट करून भिंतीचे व्हिडिओ काढून पूर्ण भरते आणि पुन्हा फॉरमॅट करते. वापरलेले कार्ड कधी विकायचे नाही, उसने द्यायचे नाही. कॅमेरा दुरुस्तीला देताना कार्डे काढूनच द्यायची. अल्बम छापायला द्यायचा का, हेही घरच्यांना विचारायचे, कारण छपाईच्या ठिकाणी अनोळखी माणसे ते फोटो पाहतात. पुढे कामे मिळाल्यावर तिने घरीच ४ बाय ६ इंचांचे प्रिंट काढणारा छोटा प्रिंटर घेतला आहे.

आणि शेवटचा नियम: घरातल्या कुणालाही दाखवायचे नाहीत. “अब्बा, तुम्हालाही नाही.”

सामान आले तरी हात बसायला वेळ लागला. तिने सराव केला स्वयंपाकघरात. रात्री ट्यूब लावून वाफाळत्या चहाचे पेले, आईचे पोळ्या लाटणारे हात, दादींची तसबीह. दादींनी चेहऱ्याला नकार दिला, हातांना दिला नाही. या सरावात काय कळले? एलईडी आणि ट्यूबच्या उजेडात फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेवला की पट्टे जातात. शंभरावा भाग बऱ्यापैकी हलत्या माणसालाही चालतो. आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत बिनधास्त वाढवा. थोडे दाणे दिसले तरी चालतील, चेहरा हललेला चालत नाही.

फ्लॅश कधीही चेहऱ्यावर सरळ मारू नका. कपाळ चकाकते, जरी पांढरीफटक होते आणि मागे काळी सावली पडते. फ्लॅशचे डोके वर वळवून पांढऱ्या छताकडे मारा, उजेड छतावरून मऊ होऊन खाली येतो. म्हणूनच डोके फिरणारा वेगळा फ्लॅश घ्यावा लागतो, कॅमेऱ्यावरचा अंगचा चालत नाही. पहिल्या कामात इथेच फसगत झाली. मेंदीचा मांडव हिरव्या कापडाचा होता. उजेड हिरव्या छतावर आपटून आला आणि सगळ्याजणी कावीळ झाल्यासारख्या दिसल्या. आता ती थर्माकोलचा पांढरा तुकडा सोबत ठेवते. मांडव रंगीत असला की बहिणीला तो बाजूला धरायला सांगते आणि फ्लॅश त्यावर मारते. फ्लॅशला चार पेन्सिल सेल लागतात. पुन्हा चार्ज होणारे आठ घ्या. चार आत, चार पर्समध्ये. कॅमेऱ्याची बॅटरीही दोन. पहिल्या दिवशी रुखसतीच्या ऐन वेळी तिचे सेल संपले होते. नवरी रडत होती आणि आमची लेकही.

पुण्यातला पावसाळा हा या सामानाचा वैरी. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, आणि कपाटात बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. महागडे कोरडे कपाट मिळते, पण आम्ही धान्याचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेतला आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. या दाण्यांचा रंग बदलला की ते ओल पिऊन थकले असे समजायचे. तव्यावर मंद आचेवर शेकले की पुन्हा कामाला येतात. तो तवा पुन्हा पोळीला वापरू नका. तांदळात ठेवू नका, पीठ आत जाते. आणि सगळ्यात चांगले औषध म्हणजे वापर. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून, उजेडात धरून चार फोटो काढले तर बुरशी सहसा धरत नाही.

आज लेकीने आठ-दहा कामे केली आहेत. मिळणारा पैसा अजून फार नाही. भिशीचा हप्ता ती स्वतः भरते. परवा एका वलीम्यात तिने नवरीच्या आईला शंभर पाहुण्यांच्या गडबडीतून हाताला धरून लेकीजवळ बसवले आणि मगच बाकीचे फोटो घेतले. हे आम्हाला त्या बाईंनीच फोन करून सांगितले. आमच्या आपाने आपल्या दुसऱ्या मुलीच्या लग्नाचे काम आत्ताच तिच्याकडे लावून ठेवले आहे, तारीख ठरायची आहे.

आमच्यापैकी अम्मीने एकदा हॉलमध्ये कॅमेऱ्याच्या पडद्यावर लेकीचे काम पाहिले आहे. अब्बाने आजवर तिने काढलेला लग्नातला एकही फोटो पाहिलेला नाही. लोक विचारतात, “मुलगी फोटो कसे काढते हो?” तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखे एवढेच असते, की रात्री कितीही वाजले तरी ती आधी कार्डे मोजते, कपाटाला कुलूप लावते आणि मग जेवायला बसते.